फॅफ्सा भरताना: टॅक्स रिटर्नमधून काय आपोआप जातं आणि काय आपणच सांगायचं

शनिवारच्या मराठी शाळेत मुलं आत काना-मात्रा गिरवत असतात, तेव्हा बाहेर कॉफीच्या थर्मासपाशी आईबाबांची वेगळीच शाळा भरते. सप्टेंबर उजाडला की तिथे एकच विषय: कॉलेज आणि त्याचा खर्च. गेली काही वर्षं मी या थर्मासपाशी उभी राहून लोकांना फॅफ्सा, म्हणजे अमेरिकन सरकारचा कॉलेज-मदतीचा अर्ज, भरायला मदत करते. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "अहो, आमचा टॅक्स रिटर्न आयआरएसकडे आहेच की. मग पुन्हा काय विचारताहेत?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं अर्धं उत्तर असं की आता खरंच फारसं विचारत नाहीत. २०२४–२५ पासून फॉर्म बदलला. तुम्ही संमती दिलीत की आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, तुमचे आकडे थेट शिक्षण खात्याकडे पाठवते. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे हा लेख. आपल्या लोकांच्या चुका टॅक्सच्या आकड्यांत फार कमी होतात. त्या होतात आयआरएसला माहीत नसलेल्या गोष्टींत: पुण्यातला फ्लॅट, बँकेतली एफडी, गावच्या जमिनीतला हिस्सा. आणि एक चूक मात्र थेट टॅक्स रिटर्नमध्येच दडलेली असते, तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

आधी बघा, तुमचं मूल पात्र आहे का

फॅफ्सात व्हिसा बघतात तो मुलाचा, आईबाबांचा नाही. मूल इथे जन्मलेलं असेल किंवा त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल, तर तुम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलात तरी अर्ज करता येतो. उलट तुमच्याबरोबर लहानपणी आलेलं, अजून एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर असलेलं मूल अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मदतीला पात्र नाही, मग ते बालवाडीपासून इथेच शिकलेलं का असेना. एकाच घरात थोरली अपात्र आणि धाकटा पात्र अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. थोरलीला ते समजावून सांगणं फॉर्म भरण्याहून अवघड जातं. अशा मुलांसाठी खाजगी कॉलेजांची स्वतःची मदत आणि सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा फॉर्म हा रस्ता आहे, त्याकडे शेवटी येऊ. घाईत "अमेरिकन नागरिक" या चौकोनात टिक मात्र कधीही करू नका. नागरिकत्वाचा खोटा दावा पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी गळ्याशी येतो.

"आमचा पगार जास्त, आम्हाला काय मिळणार?" म्हणून फॉर्मच न भरणारेही बरेच. पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर असते आणि दोन्ही पालक आयटीत असलेल्या घराला ती मिळत नाही, हे खरं. पण पहिल्या वर्षाचं ५,५०० डॉलरपर्यंतचं सरकारी कर्ज मुलाच्या स्वतःच्या नावावर मिळतं, त्याला पगाराची अट नाही, फॅफ्सा मात्र लागतो. शिवाय काही कॉलेजं स्वतःची मदत देण्याआधीही तो मागतात. फॉर्मला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी साइट दिसली तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आहात. खरी साइट एकच, स्टुडंटएड डॉट गव्ह.

कोणत्या वर्षाचा टॅक्स?

दोन वर्षं मागचा. २०२६–२७ या शैक्षणिक वर्षासाठी २०२४ चा रिटर्न, २०२७–२८ साठी २०२५ चा. म्हणजे मूल हायस्कूलच्या दहावीत अर्ध्यावर असताना जानेवारीत जे वर्ष सुरू होतं, त्याच वर्षाच्या कमाईवर कॉलेजचा पहिला हिशेब होतो. बहुतेक पालकांना हे कळतं बारावीत, तोवर शेअर विकून झालेले असतात.

फॉर्म साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. २०२६–२७ चा तर सप्टेंबर २०२५ मध्येच खुला झाला. केंद्राची अंतिम तारीख शैक्षणिक वर्ष संपताना ३० जूनला असते, पण तिच्या भरवशावर राहू नका. राज्यांच्या आणि कॉलेजांच्या तारखा खूप आधीच्या असतात. कॅलिफोर्नियात राज्याच्या मदतीसाठी २ मार्च ही नेहमीची तारीख आहे. प्रत्येक कॉलेजची तारीख एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

खाती उघडताना नावांचा घोळ

मुलाचं एक खातं आणि पालकाचं एक, असं वेगवेगळं खातं लागतं. एकाच ईमेलवर दोन्ही चालत नाहीत. आणि मुलाच्या वतीने तुम्ही त्याचं खातं उघडून पासवर्ड स्वतःकडे ठेवू नका. तो पुढची अनेक वर्षं, कर्ज फिटेपर्यंत, त्यालाच लागणार आहे.

खात्यातलं नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी ताडून पाहतात. आपली नावं इथे अडतात. पासपोर्टवर स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव अशी तीन नावं, सोशल सिक्युरिटी कार्डावर मधलं नाव गायब, बँकेत फक्त आद्याक्षर. काही बायकांचं कार्ड लग्नाआधीच्या नावाने आलेलं असतं आणि टॅक्स रिटर्न सासरच्या नावाने जातो. फॉर्म भरायला बसण्याआधी कपाटातून मूळ कार्ड काढा आणि त्यावर अक्षरन् अक्षर जसं आहे तसंच लिहा, पासपोर्टवर काही का असेना. कार्डावरचंच नाव चुकलेलं असेल तर ते आधी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जाऊन दुरुस्त करा. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम उन्हाळ्यातच उरकलेलं बरं.

ज्या पालकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, उदाहरणार्थ एच-फोरवर असलेली आणि कधी नोकरी न केलेली आई, तिलाही नंबराशिवाय खातं उघडता येतं. पण ओळख पटवायला जास्त वेळ लागू शकतो.

कोणता पालक, आणि संमती कशासाठी

तुम्ही दोघं मिळून एकच रिटर्न भरत असाल, तर फॉर्मसाठी एकाच पालकाने खातं उघडून सही केली की पुरे. ज्याचा नंबर आणि नाव बिनघोर जुळतं, त्यानेच पुढे व्हावं. वेगवेगळे रिटर्न भरत असाल तर दोघंही लागतात. घटस्फोट झाला असेल, तर गेल्या बारा महिन्यांत ज्याने मुलाचा जास्त खर्च उचलला, तो पालक. मूल कोणाकडे राहतं, हा जुना निकष आता नाही.

मूल फॉर्ममध्ये तुमची माहिती टाकतं आणि तुम्हाला निमंत्रण येतं. त्यात एक पान संमतीचं असतं: आयआरएसकडून माहिती घ्यायला परवानगी द्या. बरेच बाबा इथे थबकतात. सरकारला आपण एवढं सगळं कशाला दाखवायचं, ही भीती. पण रिटर्न सरकारकडेच आहे, आणि संमती दिली नाही तर मुलाचा एसएआय निघतच नाही. एसएआय म्हणजे मदत ठरवायला वापरला जाणारा आकडा. तो जितका कमी तितकी गरज जास्त, आणि तो उणे १,५०० पर्यंत खाली जाऊ शकतो. ज्याने इथे रिटर्न भरलेलाच नाही, त्या पालकानेही संमती द्यायचीच असते. मुलालाही स्वतःसाठी द्यावी लागते.

रिटर्नमधून काय जातं, आणि तो रोलओव्हर

संमती दिली की तुमच्या फॉर्म १०४० मधून, म्हणजे टॅक्स रिटर्नच्या मुख्य फॉर्ममधून, एकूण समायोजित उत्पन्न, पगार, भरलेला कर, करमुक्त व्याज, पेन्शन आणि आयआरए या स्वतः उघडलेल्या निवृत्ती-खात्यातून काढलेले पैसे, धंद्याचा नफा-तोटा असं सगळं परस्पर जातं. हे आकडे तुम्हाला पडद्यावर दिसत नाहीत. "आयआरएसकडून घेतले" एवढंच लिहून येतं. कॉलेजला मात्र दिसतात. म्हणून त्या वर्षाचा रिटर्न छापून शेजारी ठेवा. २०२४ च्या फॉर्मवर समायोजित उत्पन्न ओळ ११ वर आहे, तो आकडा डोक्यात असू द्या.

आता ती दडलेली चूक. त्या वर्षी तुम्ही नोकरी बदललीत आणि जुन्या कंपनीतलं ४०१-के, म्हणजे नोकरीतून मिळणारं निवृत्तीचं खातं, नव्या खात्यात हलवलंत, असं समजा. रक्कम ८०,००० डॉलर. यावर कर लागत नाही, पैसे तुमच्या हातातही आले नाहीत. पण रिटर्नवर ओळ ५अ मध्ये ८०,००० दिसतात आणि करपात्र रकमेच्या ५ब मध्ये शून्य, शेजारी "रोलओव्हर" असा शब्द. फॅफ्साचं गणित ५अ मधून ५ब वजा करतं आणि समजतं, या घराने ८०,००० डॉलर करमुक्त कमावले. एसएआय एका झटक्यात भलताच वर. हे टाळण्यासाठी फॉर्ममध्येच एक प्रश्न आहे: यातली किती रक्कम रोलओव्हर होती? तो प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटून लोक शून्य टाकतात. आमच्याच घरी हे झालं. पहिल्या मुलीच्या वेळी नवऱ्याने रात्री अकराला फॉर्म भरला, शून्य टाकून मोकळा झाला, आणि जानेवारीत मी तिचा एसएआय पाहून कपाळाला हात लावला. दुरुस्ती झाली, पण एका कॉलेजची तारीख तोवर उलटून गेली होती. आयआरएमधून दुसऱ्या आयआरएत पैसे हलवले असतील तर ओळ ४अ आणि ४ब बाबत हेच.

जे आयआरएसला माहीत नाही

इथून पुढचे प्रश्न तुमच्या प्रामाणिकपणावर आहेत. फॉर्म भराल त्या दिवशी बँकेत किती, गुंतवणूक किती, राहत्या घराखेरीज मालमत्ता किती. कमी उत्पन्नाच्या काही घरांना हे प्रश्न येतच नाहीत.

काय मोजत नाहीत ते आधी सांगते, म्हणजे जीव भांड्यात पडेल. राहतं घर नाही. ४०१-के, आयआरए यांसारखी निवृत्तीची खाती नाहीत. गाडी आणि घरातलं सामान नाही. आयुर्विम्याच्या पॉलिसीत साठलेली रक्कम नाही, म्हणजे बाबांनी लग्नाआधी काढलेली ती एलआयसीची पॉलिसीही नाही. आजी-आजोबांनी फीसाठी पाठवलेले पैसेही आता फॅफ्सा विचारत नाही.

बाकी सगळं मोजतात, आणि ते भारतात असलं तरी. फॉर्मवर "भारत" हा शब्द कुठेच दिसत नाही, म्हणून लोक समजतात की त्यांना इथलंच विचारताहेत. तसं नाही. एनआरई-एनआरओ या अनिवासी भारतीयांच्या बँक खात्यांतली शिल्लक, एफडी, म्युच्युअल फंड, तुमच्या नावावरचा फ्लॅट, सगळं डॉलरमध्ये लिहायचं. फ्लॅटची आजची बाजारभावाची किंमत घ्या, त्यावरचं कर्ज वजा करा. फ्लॅटमध्ये तुमचे आईवडील राहतात म्हणून तो तुमचं राहतं घर होत नाही. तो त्यांच्याच नावावर असेल तर प्रश्नच नाही. भावाबरोबर अर्धा असेल तर अर्धीच किंमत धरा.

गावच्या जमिनीचं वेगळं. सातबाऱ्यावर काका, आत्या, चुलतभाऊ मिळून सात-आठ नावं असतात आणि आपला वाटा किती हे घरातही कुणी नीट सांगत नाही. तरी एक सरळ हिशेब करून आपल्या हिश्श्याचा अंदाज लिहा, आणि तो कसा काढला ते एका कागदावर टिपून ठेवा. २०२६–२७ पासून कुटुंबाची शेती आणि छोटा धंदा पुन्हा वगळायला सुरुवात झाली आहे, पण शेतीसाठी अट आहे की कुटुंब त्या शेतावर राहत असलं पाहिजे. न्यू जर्सीत बसून साताऱ्याच्या शेतावर राहता येत नाही.

याचा परिणाम किती? पालकांच्या मालमत्तेमुळे एसएआय वाढतो तो त्या मालमत्तेच्या जास्तीत जास्त सुमारे साडेपाच टक्क्यांइतका, नेमकं सांगायचं तर ५.६४ टक्के. सोप्या हिशेबासाठी डॉलरला ८५ रुपये धरा. ८५ लाखांचा कर्जमुक्त फ्लॅट म्हणजे एक लाख डॉलर, त्याने एसएआय फार तर ५,६४० डॉलरने वाढेल. लपवण्याइतकं हे मोठं नाही, आणि लपवणं हा गुन्हा आहे. मुलाच्या स्वतःच्या नावावर असलेल्या पैशाचे मात्र २० टक्के धरतात. वाढदिवसाचे पैसे मुलाच्या नावावर साठवत गेलेल्यांनी हे ध्यानात घ्यावं. पालकाच्या मालकीचं ५२९ खातं, म्हणजे कॉलेजसाठीचं बचत-खातं, पालकांच्याच बाजूला मोजतात, आणि ज्या मुलाचा अर्ज आहे त्याचंच. धाकट्याच्या नावाने काढलेलं ५२९ आता धरत नाहीत.

इथे मालमत्ता आणि रिटर्न एकमेकांसमोर उभे राहतात. तुम्ही भारतातल्या एफडी म्हणून ६०,००० डॉलर लिहिले आणि तुमच्या रिटर्नवर व्याज शून्य, तर मदत देणाऱ्या ऑफिसातला माणूस विचारणारच. एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त आहे, अमेरिकेत नाही. शेतीचं उत्पन्नही तसंच. इथे रहिवासी म्हणून कर भरणाऱ्याने जगभरातलं उत्पन्न दाखवायचं असतं, आणि परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, वेगळा. हे राहून गेलं असेल तर फॅफ्सा भरण्याआधी भारतातलं उत्पन्न जाणणाऱ्या सीपीएकडे, म्हणजे इथल्या परवानाधारक हिशेबनीसाकडे, जा आणि रिटर्न सुधारून घ्या. फॅफ्सात लपवून जुनी चूक झाकायला गेलात तर एकाच्या दोन चुका होतील.

आई किंवा वडील भारतात असतील तर

काही घरांत बाबा पुण्यात नोकरी करतात आणि आई मुलांना घेऊन इथे राहते. भारतातला रिटर्न आयआरएसकडून येऊ शकत नाही. तो पालक संमती देतो, आणि आकडे हाताने भरतो, फॉर्म भरायच्या दिवशीच्या दराने डॉलरमध्ये बदलून. अडचण वर्षाची. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, इथलं जानेवारी ते डिसेंबर. कोणता आयटीआर घ्यायचा ते कॉलेजच्या ऑफिसला ईमेलवर विचारा, फोनवर नको. उत्तर जपून ठेवा. आयटीआरची पोचपावती, उत्पन्नाचा तक्ता आणि फॉर्म १६ यांच्या पीडीएफ एका फोल्डरमध्ये तयार असू द्या.

घरात माणसं किती?

हा आकडा रिटर्नवरून येतो, पण बदलता येतो. आजी-आजोबा तुमच्याकडेच कायमचे राहत असतील आणि त्यांचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करत असाल, तर त्यांना धरा. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येऊन पापड-लोणची देऊन परत जाणाऱ्यांना नाही. एकाच वेळी दोन मुलं कॉलेजात असली की पूर्वी मोठी सवलत मिळायची. ती केंद्राच्या हिशेबात आता नाही. मला हा बदल अन्यायाचा वाटतो, पण काही कॉलेजं स्वतःची मदत देताना ते अजून बघतात, म्हणून त्यांना कळवायला विसरू नका.

सीएसएस प्रोफाइल

अनेक खाजगी कॉलेजं फॅफ्साबरोबर कॉलेज बोर्डाचा हा फॉर्मही मागतात. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६, आणि पदवीच्या इथल्या विद्यार्थ्यांच्या घराचं समायोजित उत्पन्न एक लाख डॉलरपर्यंत असेल तर फुकट. हा फॉर्म जास्त खोलात जातो. राहत्या घराची किंमत विचारतो, आणि बरीच कॉलेजं त्याबरोबर रिटर्न आणि डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला, अपलोड करायला लावतात. एच-फोर किंवा विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसावरच्या मुलांसाठी बऱ्याच ठिकाणी हाच मुख्य फॉर्म. दोन्ही फॉर्मांतले आकडे जुळतात का ते एकदा शांतपणे पाहा.

फॉर्म गेल्यानंतर

काही दिवसांत सारांश आणि एसएआय येतो. काही मुलांना "पडताळणी" लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कॉलेज सहीचा रिटर्न किंवा आयआरएसचा टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट मागतं. तो आयआरएसच्या साइटवर खातं काढलं की त्याच दिवशी उतरवता येतो, म्हणून ते खातं आधीच काढून ठेवा.

आणि २०२४ मध्ये पगार भक्कम होता, पण २०२५ मध्ये नोकरी गेली, असं असेल तर? फॉर्ममध्ये खरा २०२४ चाच आकडा जाऊ द्या. मग प्रत्येक कॉलेजच्या मदत-ऑफिसला स्वतंत्र पत्र लिहा. कायद्याने तिथल्या अधिकाऱ्याला परिस्थिती पाहून आकडे बदलायची मुभा आहे, त्याला "प्रोफेशनल जजमेंट" म्हणतात. त्या वर्षी एकदाच विकलेल्या कंपनीच्या शेअरमुळे उत्पन्न फुगलं असेल तरी हेच करा. पत्र एका पानाचं, रडगाणं नको. कामावरून काढल्याचं पत्र, शेवटची पगारपावती, बेकारी भत्त्याचा कागद आणि यंदाच्या उत्पन्नाचा महिन्यावार अंदाज जोडा. एका कॉलेजने मानलं म्हणजे दुसरं मानेलच असं नाही, म्हणून सगळ्या ठिकाणी पाठवा आणि दोन आठवड्यांनी मुलालाच फोन करायला सांगा. अर्ज त्याचा आहे, त्यामुळे त्याने परवानगी दिल्याशिवाय ऑफिसातली मंडळी तुमच्याशी मोकळेपणाने बोलायची नाहीत.